बेडकाची ढाल

ऋग्वेदांतील मंडूकसूक्त सोडलें, तर बेडकाविषयीं आदरानें बोलण्याची रीति आपल्याकडे फारशी नाहीं. संकुचित वृत्तीच्या माणसास कूपमंडूक म्हणावें, आणि पावसाळ्याच्या पहिल्या रात्रीं डबक्यांतून येणारें डरांव डरांव ऐकून पीकपाण्याचा अंदाज बांधावा, यापलीकडे या प्राण्याशीं आपला व्यवहार नाहीं. तरी पण वैद्यकशास्त्राच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासांत एका परदेशी बेडकानें मोठी खळबळ उडवून दिली. त्यानें माणसाच्या हातीं एक ढाल दिली. ती भेदणें रोगजंतूंस जवळजवळ अशक्य आहे, असें जाणत्या विद्वानांनीं मानलें. आणि ती भेदतां येते हें उघडकीस येण्याच्या कामीं बुरशीसारख्या क्षुद्र जीवाचा वांटा मोठा आहे. या हकीकतींत आपल्या स्वतःच्या तोंडाचाही संबंध येतो, म्हणून ती येथें जरा विस्तारानें सांगतों.

दक्षिण आफ्रिकेंतील तळ्यांत एक चपटा, गुळगुळीत कातडीचा, मागच्या पायांच्या बोटांस काळ्या नख्या असलेला बेडूक राहतो. शास्त्रीय भाषेंत त्यास झेनोपस लीव्हिस म्हणतात. त्याचें बहुतेक आयुष्य पाण्यांतच जातें. १९२७ सालीं लॅन्सेलॉट हॉग्बेन हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ केप टाउनच्या विद्यापीठांत गेले, तेव्हां हा बेडूक त्यांच्या प्रयोगांत आला. बैलाच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क या बेडकाच्या मादीस टोंचला, तर ती कांहीं तासांत अंडीं घालते, असें त्यांस आढळून आलें. या लहानशा निरीक्षणांतून पुढें गर्भपरीक्षेची एक पद्धति निघाली. स्त्रीच्या मूत्राचा अंश मादीस टोंचावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं भांड्याच्या तळाशीं अंडीं दिसलीं कीं ती स्त्री गर्भवती आहे असें समजावयाचें. त्यापूर्वीं या परीक्षेसाठीं उंदीर किंवा ससा मारून त्याचें पोट फाडून पाहावें लागे; बेडूक मात्र जिवंत राही आणि पुन्हा उपयोगी पडे. त्यामुळें १९३० नंतरच्या कांहीं दशकांत केप प्रांतांतून हजारों बेडूक युरोप-अमेरिकेंतील इस्पितळांत आणि प्रयोगशाळांत जाऊन पोंचले. गर्भपरीक्षेचीं रासायनिक साधनें निघाल्यावर ती गरज संपली. पण बेडूक राहिले ते राहिलेच, कारण त्यांचीं मोठमोठीं अंडीं जीवशास्त्रज्ञांस फार सोयीचीं वाटूं लागलीं होतीं. या प्रवासाची वाचकांनीं आठवण ठेवावी. पुढें त्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

वॉशिंग्टन शहराला लागून बेथेस्डा म्हणून एक गांव आहे. तेथील सरकारी आरोग्यसंशोधनसंस्थेंत मायकेल झास्लॉफ नांवाचे डॉक्टर काम करीत, आणि त्यांचें काम याच बेडकांच्या अंड्यांवर चाले. मादीचें पोट चिरून अंडीं काढावयाचीं, टांके घालावयाचे, आणि तिला पुन्हा हौदांत सोडावयाचें, असा नित्याचा क्रम होता. हौदाचें पाणी निर्मळ नव्हतें. त्यांत जंतूंचा सुकाळ होता. १९८६ च्या सुमारास झास्लॉफ यांच्या मनांत असा प्रश्न आला कीं, एवढी जखम घेऊन घाण पाण्यांत पोहणाऱ्या या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहींत? हा देखावा त्यांच्यासारख्या शेंकडों संशोधकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षें होता. पण तो रोजचा असल्यामुळें कोणास त्याचें नवल वाटलें नव्हतें. झास्लॉफ यांनीं बेडकाच्या कातडीचा अर्क काढला आणि त्यांतून दोन पदार्थ वेगळे केले. प्रत्येक पदार्थ म्हणजे २३ अमिनो आम्लांची एक लहानशी माळ होती. प्रथिनांच्या अशा लहान माळांस पेप्टाइड असें म्हणतात. हिब्रू भाषेंतील ढालीच्या शब्दावरून त्यांनीं यांस ‘मॅगेनिन’ हें नांव दिलें, आणि १९८७ सालीं शोध प्रसिद्ध केला. या पदार्थांनीं जंतु तर मरतच, पण बुरशीचीही वाढ खुंटे, आणि एकपेशीय प्राणी फुगून फुटत.

हा शोध कांहीं आकाशांतून पडला नाहीं. प्राण्यांचें शरीर रोगाशीं झगडतें कसें, या प्रश्नाच्या इतिहासांत बुरशी आरंभापासून उभी आहे. मात्र ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. सूक्ष्म जीवामुळें प्राण्यास रोग होतो हें पाश्चर यांच्याही आधीं, १८३५ सालीं, इटलींतील आगोस्तिनो बासी यांनीं दाखविलें, तें रेशमाच्या किड्यांस पांढरी भुकटी चढविणाऱ्या बुरशीवरून. शरीरांतील पेशी शत्रूस गिळून टाकतात हें १८८४ सालीं मेच्निकॉफ यांनीं पाणपिसवेच्या पारदर्शक देहांत पाहिलें, तोही शत्रु एक बुरशीच होता. पुढें जंतुशास्त्राच्या भरभराटींत बुरशीकडे दुर्लक्ष झालें. १९२२ सालीं, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षें आधीं, फ्लेमिंग यांस नाकाच्या शेंबडांत आणि अश्रूंत जंतु विरघळविणारा पदार्थ सांपडला. पण पेनिसिलिनच्या झगमगाटापुढें त्या बिचाऱ्या शेंबडाची आठवण कोणास राहणार! १९८१ सालीं स्वीडनमध्यें हान्स बोमन यांनीं एका मोठ्या रेशमी पतंगाच्या कोशांतून, आणि १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत रॉबर्ट लेहरर आणि त्यांचे सहकारी यांनीं माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींतून, अशींच जंतुनाशक पेप्टाइडें काढलीं. १९९६ सालीं स्ट्रासबुर्ग येथें झूल्ज हॉफमन यांच्या प्रयोगशाळेंत तर असें दिसलें कीं, बुरशीनाशक पेप्टाइड तयार करण्याचा हुकूम देणारी यंत्रणा ज्या फळमाशींत बिघडली आहे, तिच्या सर्वांगावर बुरशी उगवून ती मरते. केसाळ कांबळें पांघरल्यासारख्या दिसणाऱ्या त्या मेलेल्या माशीचें छायाचित्र एकदां पाहिलें म्हणजे विसरणें कठीण. हॉफमन यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला.

आतां ही ढाल अभेद्य कां मानली गेली, तें पाहूं. पेनिसिलिनसारखें औषध जंतूच्या शरीरांतील एका विशिष्ट क्रियेवर घाव घालतें. जंतूनें ती एक क्रिया बदलली किंवा औषध तोडण्याचें साधन मिळविलें, कीं औषध फुकट गेलें. मॅगेनिनसारख्या पेप्टाइडांची रीति निराळी आहे. त्यांच्यावर धन विद्युद्भार असतो, आणि जंतूंच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगास ऋण विद्युद्भार असतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगास तो जवळजवळ नसतो. त्यामुळें पेप्टाइड परक्याच्या भिंतीला जाऊन चिकटतें आणि तिला भोंकें पाडतें. कुलूप बदलतां येतें, परंतु सगळ्या घराच्या भिंती कोण बदलणार? शिवाय हीं पेप्टाइडें कोट्यवधि वर्षें सृष्टींत आहेत आणि अजून उपयोगी पडत आहेत. या दोन कारणांवरून झास्लॉफ यांनीं २००२ सालच्या एका विख्यात लेखांत असा अभिप्राय दिला कीं, अशा पेप्टाइडांस दाद न देण्याची शक्ति जंतूंच्या अंगीं येणें आश्चर्य वाटावें इतकें असंभाव्य आहे.

व्यवहारांत ढालीचें नशीब फारसें चांगलें नव्हतें. मॅगेनिनवरून बनविलेलें ‘पेक्सिगानान’ नांवाचें मलम मधुमेहाच्या रोग्यांच्या पायांवरील जखमांसाठीं पुढें आलें, पण १९९९ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास परवानगी नाकारली. प्रचारांतील औषधांपेक्षां तें अधिक गुणकारी असल्याचें दिसलें नव्हतें. २०१६ सालीं पुन्हा परीक्षा झाली, तींतही तें उतरलें नाहीं. परंतु याहून महत्त्वाचा आक्षेप व्यापाराचा नसून तत्त्वाचा होता. २००३ सालीं ग्रॅहॅम बेल आणि पिएर-आंरी गुयों या दोघां उत्क्रांतिशास्त्रज्ञांनीं असें विचारलें कीं, जें शस्त्र आपल्या शरीराचेंच आहे, तेंच औषध म्हणून खंडोगणती वापरलें, आणि त्यास न जुमानणारे जंतु निपजले, तर काय होईल? पेनिसिलिनला न जुमानणारा जंतु फक्त पेनिसिलिनला भारी पडतो. हा जंतु आपल्या अश्रूंना, लाळेला आणि रक्ताला भारी पडेल. म्हणजे आपल्या किल्ल्याच्या किल्ल्या आपणच शत्रूस नेऊन दिल्यासारखें होईल.

झास्लॉफ यांस हें पटलें नाहीं; त्यांनीं बेल यांस प्रयोग करून दाखविण्याचें आव्हान दिलें. प्रयोग झाला. दोन जातींच्या जंतूंचे २४ वंश पेक्सिगानानच्या हळूहळू वाढत जाणाऱ्या मात्रेंत वाढविले गेले. ६०० ते ७०० पिढ्यांनंतर पाहतात तों त्यांतले २२ वंश त्यास जुमानीनासे झाले होते. हा निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यावर लेखक म्हणून झास्लॉफ यांचेंही नांव आहे. हरलेल्या पक्षानें आपल्या हाराचा कागद स्वतःच सही करून द्यावा, हा देखावा शास्त्राच्या इतिहासांतही रोजचा नाहीं, आणि आम्हांस झास्लॉफ यांच्या ढालीच्या शोधापेक्षांही त्यांच्या या सहीचें कौतुक अधिक वाटतें.

हे प्रयोगशाळेंतले जंतु झाले. पण निसर्गांत, माणसाचें औषध मध्यें न येतां, ही ढाल भेदली जाते काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तान्ह्या मुलाच्या जिभेवर कधीं कधीं दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे दिसतात, आणि ते पुसूं गेलें तर खालीं लालभडक दिसतें. १८३९ सालीं लांगेनबेक या जर्मन वैद्यांनीं एका मेलेल्या रोग्याच्या घशांतील असे चट्टे पाहिले, तों त्यांत बुरशी आढळली. तीच आजची कॅन्डिडा आल्बिकान्स. रोग्याच्याच काय, पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडांत आणि आंतड्यांतही ती निमूटपणें राहत असते. प्रकृति ढासळली म्हणजे मात्र ती डोकें वर काढते. १९८० नंतर एड्सचा रोग पसरूं लागला, तेव्हां घशांतील हे पांढरे चट्टे त्याच्या ओळखीच्या खुणांपैकीं एक होऊन बसले.

मग एरवीं हिला आवरतें कोण? १९८८ सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं माणसाच्या लाळेंतून पेप्टाइडांचें एक कूळ वेगळें करून त्यांची घडण प्रसिद्ध केली. त्यांत हिस्टिडिन हें अमिनो आम्ल विपुल असल्यामुळें त्यांस हिस्टाटिन म्हणतात. तीं माणसाखेरीज कांहीं वानरकुळांतच सांपडतात. त्यांतलें पांचवें, २४ अमिनो आम्लांचें, कॅन्डिडाचा विशेष काळ आहे. तें भिंतीला भोंक पाडीत नाहीं. बुरशी आपल्या वाढीस लागणारीं पॉलिअमाइन नांवाचीं द्रव्यें ज्या दारांनीं आंत घेते, त्याच दारांनीं तें आंत शिरतें. मग पेशींतील क्षार आणि शक्तिद्रव्य बाहेर गळूं लागतें, पेशी आक्रसते आणि मरते. आपण निश्चिंतपणें जेवीत, बोलत आणि झोपत असतां हें काम तोंडांत अहोरात्र चालू असतें.

असें असूनही बुरशी तोंडांतच आहे, हीच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. गेल्या वीस वर्षांत तिच्या युक्त्या एकेक करून बाहेर आल्या. प्रथिनें तोडणाऱ्या कात्र्या तिच्यापाशीं एक नव्हे, दहा आहेत. त्यांतली ‘सॅप ९’ या नांवाची कात्री पेशीच्या बाहेरच्या अंगास बसविलेली असते आणि हिस्टाटिन जवळ येतांच त्याचे तुकडे करते, असें २००९ सालीं दिसून आलें. त्याहून नामी युक्ति २०१२ सालीं ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनीं उघड केली. बुरशीच्या अंगावर साखरेच्या सांखळ्यांनीं मढविलेलें ‘एमएसबी २’ नांवाचें एक लांबलचक प्रथिन असतें. तिला खरोखर तें आपल्या भोंवतालची परिस्थिति ओळखण्यासाठीं लागतें. पण त्याचा बाहेरचा भाग ती तोडून आसपास टाकून देते, आणि पेप्टाइडें त्यालाच चिकटून बसतात. पाल संकटांत शेपूट टाकून पळते, तसाच हा प्रकार म्हणावा. फरक इतकाच कीं, ही पाल संकट येण्याची वाट न पाहतां शेपट्या टाकीतच असते. एवढ्यांतूनही जें हिस्टाटिन आंत शिरतें, त्यास बाहेर फेंकणारा एक पंप तिच्यापाशीं असल्याचें २०१३ सालीं आढळलें. आणि पेशी आक्रसूं लागली कीं तिच्यांत धोक्याची घंटा वाजते व तोल सांवरण्याची धडपड सुरू होते. ही घंटा बिघडविली तर बुरशी हिस्टाटिनानें पुष्कळ लवकर मरते. कात्रीला उत्तर म्हणून मेरीलंड विद्यापीठांतील संशोधकांनीं हिस्टाटिनाच्या माळेंतील सतरावा मणी बदलून पाहिला. ती नवी माळ तितक्या सहजासहजीं तुटत नाहीं.

या गोष्टी वाचून आमच्या मनांत जो विचार आला तो येथें मांडतों. पेप्टाइडें कोट्यवधि वर्षें टिकलीं, म्हणून तीं अभेद्य असलींच पाहिजेत, हा झास्लॉफ यांचा तर्क वरवर पाहतां बिनतोड दिसतो. पण कॅन्डिडाकडे पाहिलें म्हणजे त्यांतील चूक ध्यानांत येते. ढाल टिकली खरी, परंतु ती भेदणारा शत्रूही तितकाच टिकला. कात्री, टाकलेलीं शेपटें, पंप, घंटा, यांतील एकही युक्ति माणसाच्या औषधाला भिऊन निर्माण झालेली नाहीं. औषधांच्या कितीतरी आधीं त्या तेथें होत्या. निरोगी तोंडांत जी शांतता दिसते, ती विजयाची नसून दोन तुल्यबळ सैन्यांच्या तळांमधली आहे. पुढें बेडकांवर जें संकट आलें, तें असा तोल सुटला म्हणजे काय होतें याचें उदाहरण आहे.

झास्लॉफ यांच्या हौदापासून फार दूर नसलेल्या वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांत निळ्या रंगाचे दक्षिण अमेरिकन बेडूक मरूं लागले. त्यांच्या कातडींत एक अपरिचित बुरशी सांपडली. १९९८ सालीं ऑस्ट्रेलियांतील आणि मध्य अमेरिकेंतील मेलेल्या बेडकांतही अशीच बुरशी असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि १९९९ सालीं तिला बट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबाटिडिस असें लांबलचक नांव मिळालें. आपण तिला कायट्रिड म्हणूं. पाण्यांत पोहणारे तिचे बीजकण बेडकाच्या कातडींत शिरतात. कातडी जाड होते, तिच्यांतून होणारी क्षारांची देवघेव बंद पडते, आणि शेवटीं बेडकाचें हृदय थांबतें. २०१९ सालीं झालेल्या गणनेप्रमाणें निदान ५०१ जातींच्या उभयचरांची संख्या या रोगानें घटली आणि त्यांपैकीं ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात. एकाच रोगानें एवढा संहार केल्याचें दुसरें उदाहरण प्राणिसृष्टीच्या ज्ञात इतिहासांत नाहीं.

आतां तो मागचा प्रवास आठवावा. २००४ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील संशोधकांनीं वस्तुसंग्रहालयांतील जुने बेडूक तपासले, तेव्हां १९३८ सालीं जतन केलेल्या झेनोपसच्या कातडींत कायट्रिड सांपडली. झेनोपस तिच्यामुळें सहसा मरत नाहीं. त्याच्या कातडींतील मॅगेनिन तिला आवरतें. म्हणजे ज्या बेडकानें ढाल दिली, त्याच बेडकाच्या पाठीवर बसून, गर्भपरीक्षेच्या निमित्तानें, ही बुरशी जगभर गेली कीं काय, असा संशय बळावला. तो सर्वस्वीं खरा ठरला नाहीं. २०१८ सालीं जगभरच्या नमुन्यांची आनुवंशिक तपासणी झाली, तींत या बुरशीचें मूळस्थान कोरिया द्वीपकल्पाच्या आसपास असून ती विसाव्या शतकाच्या आरंभीं पसरूं लागली असावी असें दिसलें. बेडकांच्या व्यापारानें ती पसरली, हा आरोप मात्र कायम आहे.

आणि कायट्रिडपाशींही कात्री आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत असें आहे कीं, ही कात्री बेडकाच्या कातडींतील पेप्टाइडें तोडते, आणि थायरॉइड ग्रंथीचा रस लागला म्हणजे ती अधिक प्रमाणांत तयार होते. याच रसाच्या प्रभावानें बेडूकमाशाचें शेपूट जिरून त्यास पाय फुटतात आणि तो बेडूक बनतो. बेडूकमाशांत ही बुरशी तोंडाच्या कठीण भागापुरतीच असते व त्यास मारीत नाहीं. पण रूपांतर होऊन सर्वांगावर नवी कातडी आली, कीं पुष्कळ जातींत तीं लहान बेडकें पटापट मरतात. शत्रूनें घरांतल्या मंगल कार्याचा मुहूर्त ओळखून त्याच दिवशीं दरोडा घालावा, तसें हें आहे.

आपल्या सह्याद्रींतील इंडिराना जातीच्या बेडकांत ही बुरशी असल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु पनामासारखा संहार येथें दिसलेला नाहीं. पनामांत २००४ च्या सुमारास रोगाची लाट आली, आणि कांहीं वर्षांत ओढ्यांकाठचे आवाज बंद पडले. त्या देशाचें भाग्यचिन्ह मानलेला सोनेरी बेडूक रानांतून दिसेनासा झाला. मात्र त्याच्यासारख्या कित्येक जातींचे बेडूक लाट येण्यापूर्वीं धरून कांचेच्या पेट्यांत, स्वच्छ पाण्यांत, सुरक्षित ठेवण्यांत आले होते. दहाएक वर्षांनीं रानांत कांहीं जातींचे बेडूक पुन्हा दिसूं लागले. बुरशी सौम्य झाली असावी अशी पुष्कळांची समजूत होती. पण २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत ती पूर्वींइतकीच मारक निघाली. बदलले होते ते बेडूक. त्यांच्या कातडींतून स्रवणारा रस बुरशीला पूर्वींपेक्षां अधिक जोरानें आवरीत होता. कांचेच्या पेट्यांत वाढलेल्या, बुरशीचें तोंडही न पाहिलेल्या त्यांच्या भाईबंदांचा रस मात्र तितका प्रभावी नव्हता; आणि या पेट्यांतील बेडकांस रानांत केव्हां आणि कसें सोडावें, हा विचार पनामांत अजून चालू आहे.